उतरवलेली चुंबकं

माझ्या मामांना धंद्यात सगळे 'कान' म्हणायचे. "कान आहेत का आत?" असं विचारत गिऱ्हाईक दार ढकलायचं आणि आतून मामा ओरडायचे, "दोन्ही आहेत, या!" हा एकच विनोद मी वीसेक वर्षं ऐकला. प्रत्येक वेळी मामा स्वतःच आधी हसायचे.

आमचा धंदा गिटारचे पिकप बनवायचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक चपटी डबी बसवलेली असते, तो पिकप. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि त्यांच्या पोटाखाली पट्टीसारखं एक चुंबक. गिटारची तार थरथरली की ती थरथर या डबीत उतरते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. कारखान्यात असे पिकप दिवसाला हजारांनी निघतात. मामा महिन्याला तीस करायचे, आणि त्या तिसांसाठी लोक आठ-आठ महिने थांबायचे.

थांबायचे ते मामांच्या कानासाठी. मागच्या भिंतीपाशी चाचणीची फळी होती. जाड लाकडाचा ओंडका, वर ताणलेल्या सहा तारा, खाली खाच. तयार झालेला पिकप मामा खाचेत सरकवायचे, अंगठ्याने सहाही तारा एकदाच छेडायचे आणि डोळे मिटायचे. "तिसरी तार मागे राहतेय. चार वेढे जास्त पडलेत." मोजून बघावं तर चार नाही तर पाच निघायचे. हे मी स्वतः पाहिलंय. मामांबद्दल मी पुढे बरंच वाईट सांगणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

माझ्याकडे चुंबकांचं काम होतं. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मामा आईचे थोरले भाऊ, बिनलग्नाचे. त्यांनी मला घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बसवलं आणि म्हणाले, "रडायचं असेल तर मेणाच्या भांड्यापासून लांब बसून रड. पाणी पडलं की मेण उडतं."

चुंबकं सांभाळणं हे वाटतं तितकं सोपं नाही. आमची चुंबकं जुन्या पद्धतीच्या मिश्रधातूची. दिसायला खडबडीत, करडी, आणि स्वभावाने भलतीच हळवी. आपटलं की जोर कमी. तापलं की कमी. दोघांची सारखी टोकं एकमेकांसमोर आली की दोघांचाही कमी. म्हणून ती लाकडी खणात जोडीजोडीने, उलटसुलट टोकं लावून ठेवायची आणि टोकांवर लोखंडाची पट्टी आडवी घालायची, म्हणजे त्यांचा जोर आतल्या आत फिरत राहतो. खण कानशीच्या बाकापासून लांब, नाहीतर लोखंडाचा चुरा दाढीसारखा चिकटतो. चिकटला तर फडक्याने निघत नाही, चिकटपट्टी लावून उपटावा लागतो. स्पीकरजवळ ठेवायची नाहीत. दर सोमवारी प्रत्येक चुंबक जोर मोजायच्या मीटरखाली धरायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी खणात.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बाकाला जखडलेल्या लोखंडी पकडीच्या, म्हणजे व्हाइसच्या, दोन जबड्यांवर, आमचे राक्षस बसलेले असायचे. काडेपेटीएवढी, चकचकीत, भयंकर ताकदीची दोन चुंबकं. त्यांच्या मधल्या फटीतून आमचं मरगळलेलं चुंबक एकदा ओढून काढलं की ते पुन्हा पूर्ण भरायचं. आणि उलट्या अंगाने नुसतं जवळ नेऊन मागे घेतलं तर उतरायचं. किती उतरवायचं ते अंतरावर. काही गिऱ्हाइकांना चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गिटारसारखा मऊ आवाज हवा असायचा, त्यांच्यासाठी चुंबकं मुद्दाम थोडी उतरवावी लागायची. ही विद्या मला मामांनीच शिकवली.

शिकवायचे मन लावून. फक्त त्यांच्या शिकवण्यात आणि छळण्यात नेमकी रेघ कुठे, ते मला कधी सापडलं नाही. पहिल्या महिन्यात मी एक राक्षस व्हाइसमधून सोडवत होते आणि दुसरा उघडाच बाकावर ठेवला होता. मामा समोर उभे होते. त्यांनी पाहिलं. माझं बोट दोघांच्या मधे येणार हे त्यांना दिसत होतं, आणि ते गप्प उभे राहिले. राक्षस एकमेकांवर झेपावले. नख गेलं, बोटाचं टोक काळं पडलं. मी किंचाळले तेव्हा त्यांनी लाकडाची पाचर घालून दोघांना सोडवलं आणि शांतपणे म्हणाले, "आता जन्मात विसरणार नाहीस."

विसरले नाही हे खरंच.

बाकी रोजचं होतं. गिऱ्हाइकासमोर, "ही आमची भाची. हातभर कान आणि त्यात कापूस." एखाद्याने मला काही विचारलं की, "तिला काय विचारता, ती फडताळ आवरते." मी आतल्या आत धुमसायचे आणि खण पुसायचे.

चाळिशी लागली त्या वर्षी माझ्या मनाने घेतलं की एक पिकप आपण स्वतः करायचा. मामा दुपारी जेवल्यावर दीड तास झोपायचे. त्या दीड तासात मी सात महिने शिकले. यंत्र होतं जुन्या शिलाई मशीनच्या मोटरीचं. पायाने वेग कमी-जास्त करायचा आणि तार चिमटीत धरून वेटोळ्यावर सोडायची. ताण जरा वाढला की तार तुटते, जरा सैल सुटली की वेटोळं फुगतं. मी अकरा वेटोळी फुकट घालवली आणि तार कुठे गेली हे लपवायला मामांना खोटं सांगितलं की उंदराने रीळ कुरतडलं. त्यांनी सापळा लावला. बिचाऱ्या सापळ्यात सात महिन्यांत काही सापडलं नाही.

शेवटी दोन वेटोळी मनासारखी झाली. चुंबकासाठी मी शंभरभर पट्ट्या मोजल्या आणि एक निवडली. वेढे हलू नयेत म्हणून मेणात बुडवलं, झाकण लावलं, आणि सोमवारी मामांच्या पाच पिकपांच्या रांगेत सहावा म्हणून ठेवून दिला.

त्या दिवशी डावखुरा आलेला होता. हा आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, डाव्या हाताने वाजवणारा, कार्यक्रम करत फिरणारा. मामा एकेक पिकप खाचेत सरकवत होते. सहावा सरकवला, तारा छेडल्या, डोळे मिटले. पुन्हा छेडल्या. मग एकेक तार सुटी वाजवली.

"हा कधी केला मी?" मामा डोळे न उघडता म्हणाले. "गेल्या दहा वर्षांत असा झाला नाही माझ्या हातून."

डावखुरा म्हणाला, "हा मला द्या."

मला वाटलं होतं की मी गप्प राहीन, दोन दिवस मजा घेईन. पण तोंडातून निघून गेलं, "मामा, तो मी केलाय."

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे. पुन्हा एकदा सहाही तारा छेडल्या आणि मान तिरकी केली.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे वरच्या तारेत काहीतरी खटकत होतं, ते हे."

"आत्ता तर म्हणालात..."

"आत्ता नीट ऐकलं." त्यांनी पिकप बाहेर काढला, झाकण उचकटलं, बाकावरचं पातं उचललं आणि दोन्ही वेटोळ्यांवरून एकेक आडवी रेघ ओढली. दहा हजार वेढे. कापलेल्या तारेचं टोक न टोक सोनेरी लवेसारखं उभं राहिलं. चुंबक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे खणात ठेव. चांगलं आहे." मग डावखुऱ्याकडे वळून म्हणाले, "चहा घेणार ना?"

डावखुरा जमिनीकडे बघत होता. "चालेल," तो म्हणाला.

चहा मीच केला.

त्या दिवशी मी काही ठरवलंबिरवलं नाही. पुढच्या महिन्यात एकदा जुन्या आवाजाच्या ऑर्डरीसाठी उतरवलेलं एक चुंबक चुकून भरलेल्या चुंबकांच्या खणात गेलं. माझीच चूक. मामांनी ते पिकपमध्ये बसवलं, फळीवर तारा छेडल्या आणि लगेच म्हणाले, "चुंबक मेलंय हे. मोज."

मी काढून मीटरखाली धरलं. भरलेलं चुंबक पाचशेच्या आसपास दाखवतं. काट्याने दाखवलं दोनशे सत्तर. मामांना मीटरवरचे बारीक आकडे चष्मा लावूनही दिसत नसत, वाचायचं काम माझं. मी सांगायला तोंड उघडलं.

"पाचशे पाच," मी म्हणाले. "पूर्ण भरलंय, मामा."

"शक्य नाही."

"बघा ना." मी मीटर त्यांच्यापुढे केलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि परत दिलं. चुंबक पुन्हा बसवलं, पुन्हा छेडलं. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ती आठी मी त्याआधी पाहिली नव्हती. कुणी ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि त्याचं नाव आठवू नये, तशी.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मेणामुळे असेल."

त्या दुपारी मी पोटभर जेवले, हे मला अजून आठवतं.

मग मी ते रोज करू लागले असं नाही. रोज केलं असतं तर त्यांना संशय आला असता. दहा-बारा पिकपांत एखादं चुंबक राक्षसांजवळ नेऊन उतरवायचं आणि खणात नेहमीच्या चिठ्ठीसह ठेवायचं. मामा बरोबर पकडायचे. एकदाही चुकले नाहीत. "हे मंद आहे." "पाचशे दहा, मामा." "ह्याच्यात जीव नाही." "चारशे नव्वद, मामा." मग मी उलटही सुरू केलं. जे त्यांनी डोळे मिटून, खुशीत पास केलं, ते चुंबक मी मोजायला म्हणून काढायचे आणि म्हणायचे, "अगं बाई, हे तर तीनशेच्या खाली आलंय. तुम्हाला जाणवलं नाही?"

"नाही," ते हळूच म्हणायचे.

"असू दे. होतं असं."

'होतं असं' हे शब्द मी अगदी मऊ आवाजात म्हणायचे. त्यांना शिवी चालली असती, मऊपणा सहन होत नव्हता. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं घट्ट व्हायची.

चार महिन्यांत ते बदलले. कानात कोमट तेल घालू लागले. फळीवर तारा एकदा छेडून भागेना, पाच-पाच वेळा छेडायचे, मग स्पीकरला कान लावायचे. मोठ्याने बोलायला लागले. किटली शिट्टी मारत असताना मला विचारायचे, "वाजतेय ना गं?" रेडिओ त्यांनी स्वतःहून बंद करून फडताळावर चढवून ठेवला. गिऱ्हाईक आलं की पूर्वीसारखं "दोन्ही आहेत, या!" ओरडणं बंद झालं. कुणी आत येऊन विचारलंच तर नुसते "या" म्हणायचे.

मग एके सकाळी म्हणाले, "माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल. एकट्याने गेलो आणि ते काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही तर?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, अर्धा तास तपासलं. बाहेर आल्यावर कागदावरची वाकडी रेघ दाखवत हसून म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या वयाला असे कान मी क्वचित पाहते. अगदी वरचे सूर थोडे कमी झालेत, ते सगळ्यांचेच होतात. काळजीचं काही नाही."

बाहेरच्या बाकावर मामा कागद हातात घेऊन बसले. "वरचे सूर कमी झालेत म्हणाल्या."

"थोडे, म्हणाल्या."

"थोडे म्हणजे किती?"

बाईंचं पहिलं वाक्य मी त्यांना परत सांगू शकले असते. त्यांना तेवढंच हवं होतं. ते माझ्या तोंडाकडे लहान मुलासारखे बघत होते.

"ते त्यांनी सांगितलं नाही, मामा," मी म्हणाले. "असं तोंडावर कोण सांगतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीपुढची खुर्ची मला दिली. "आता तू ऐक," म्हणाले. मी बसले. तारा छेडल्या, डोळे मिटले. मला सहा तारा वाजल्या एवढं ऐकू आलं. "छान आहे," मी म्हणाले, आणि मामांनी मान डोलावली.

मला फार बरं वाटलं. ते लपवून काय करू? मी त्यांना चुंबकांच्या बाकावर बसवलं. ते चिकटपट्टीने चुरा उपटायचे, तेलाचा बोळा फिरवायचे, जोड्या लावायचे. चुकीचं टोक लागलं तर मी सगळ्यांदेखत सांगायचे, "मामा, लक्ष कुठे आहे?" एकदा डावखुरा आलेला असताना त्यांनी मधेच काहीतरी विचारलं तर मी म्हणाले, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हातभर कान आणि त्यात कापूस." मामा हसले. मनापासून हसले, कारण त्यांना ते खरंच वाटत होतं. डावखुरा हसला नाही.

तोच दोन महिन्यांनी पुन्हा आला, बगलेत गिटार आणि खिशात पिकप. मामा आत आंघोळीला गेले होते. त्याने पिकप बाकावर ठेवला.

"हा तुमच्याकडून नेलेला. कार्यक्रमात फुसका वाजला. मी दुसऱ्या कारागिराकडे उघडला. चुंबक निम्म्यावर आहे. दोनशे साठ."

"बदलून देते."

"ते सोड. हा मामांच्या हाताखालून गेलाय, त्यांची खूण आहे आत. त्यांना हे ऐकू आलं नाही?"

मी आतलं चुंबक काढून चिमटीत उगाच उलटसुलट केलं. मग म्हणाले, "आलं होतं."

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं, डॉक्टर, खुर्ची, सगळं.

"अगं, माणूस आहे तो," तो म्हणाला. "आजच्या आज सांग त्यांना. नाहीतर मी सांगतो."

"सांगा की. आणि वेटोळी कापली त्या दिवशी तुम्ही काय केलं तेही सांगा. चहात साखर दोन चमचे घेतली होती तुम्ही. मी घातली होती."

आतून मोरी धुतल्याचा आवाज येत होता. डावखुऱ्याने गिटारची पिशवी खांद्याला लावली. मामा केस पुसत बाहेर आले तोवर तो निघून गेला होता, आणि त्याने कुणालाही काहीही सांगितलं नाही. वर्षभर तो आमच्या रस्त्यालाही फिरकला नाही.

सत्य मी सांगितलं, पण पश्चात्तापाने सांगितलं असं म्हणवत नाही. माल परत यायला लागला होता. मीटरवर चुंबक बरोबर, वेढे बरोबर, वजन बरोबर, आणि वाजवणारा म्हणतो, "नीट आहे, पण पूर्वीसारखं नाही." पूर्वीसारखं म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. एकदा चुकून साधलं होतं आणि तेही मी मामांच्याच तोंडून ऐकलं होतं. मग एका नावाजलेल्या वादकाची ऑर्डर आली. त्याला तीन पिकप हवे होते, तिन्हींचा आवाज एकमेकांत मिसळला पाहिजे, एकही पुढे नको, एकही मागे नको. मी सोळा करून बघितले. फळीपुढे बसून बसून पाठ धरली. मला सगळे सारखेच वाजायचे.

मला मामांचा कान परत हवा होता. म्हणून एका सकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"मामा, तुमचे कान ठणठणीत आहेत. मी खोटं बोलत होते. चुंबकं मी उतरवायचे आणि तुम्हाला भरलेली आहेत म्हणून सांगायचे. तुम्ही एकदाही चुकला नाहीत."

ते चिकटपट्टीची गुंडाळी करत होते. थांबले नाहीत.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय गं."

"तुम्ही माझी वेटोळी कापली होती. म्हणून केलं मी."

आता त्यांनी हात थांबवले. मला वाटलं, आता उठतील, बाकावरचं जे हाताला लागेल ते फेकून मारतील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. उठून मारलं असतं तर आमचं सगळं पुन्हा जागच्या जागी आलं असतं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझी आई अशीच होती," ते म्हणाले. "लहानपणी मी काही फोडलं की पुढे होऊन म्हणायची, मी फोडलं. आणि मार खायची."

"मामा, मी खरं सांगतेय!"

"माहितेय मला, मला बरं वाटावं म्हणून चाललंय तुझं."

मी उठले. खणातून एक भरलेलं चुंबक काढलं, दुसरं राक्षसांजवळ नेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत उतरवलं. मीटरखाली धरलं. "हे पाचशे. हे अडीचशे. वाचा."

"मला कुठे दिसतं? तू सांगशील तो आकडा."

मी दोन पिकप बांधले, त्यांना हाताला धरून फळीपुढे बसवलं. पहिला वाजवला. दुसरा वाजवला. जो मंद होता तो मलासुद्धा मंद कळत होता, इतका मी तो उतरवला होता. मामांनी डोळे मिटले. त्यांची बुबुळं पापण्यांखाली इकडून तिकडे फिरत होती, जणू चाचपडत होती. एका क्षणी ओठ हलले. मला पक्कं वाटतं की त्या क्षणी त्यांना कळलं होतं. 'दुसरा' असंच काहीतरी ते म्हणणार होते. पण डोळे उघडून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं तसं.

"दोन्ही चांगले आहेत," ते म्हणाले. "नाही का?"

"नाहीत! दुसरा मेलाय! तुम्हाला ऐकू येतंय, मामा, म्हणा, दुसरा मेलाय!"

"बरं. दुसरा मेलाय." ते घाईघाईने म्हणाले. "तू म्हणतेस तर असेल."

मी डावखुऱ्याला फोन केला. हातापाया पडले. तो आला, दारातच उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला: निम्म्यावरचं चुंबक, मी दिलेली कबुली, स्वतःचं गप्प बसणंसुद्धा. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहून हसले.

"दोघांनी मिळून ठरवलंत होय? फार करता रे माझ्यासाठी."

डावखुऱ्याने तोंड फिरवलं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हात हलका होता, त्याला तेलाचा वास येत होता, आणि तो मला झटकताही येईना.

तिन्ही पिकप मी शेवटी मीटरच्या भरवशावर निवडले आणि पाठवून दिले. तीन आठवड्यांनी खोकं परत आलं, सोबत वादकाची एका ओळीची चिठ्ठी. मामा बाकावरून उठून आले. हल्ली गिऱ्हाईक काय म्हणतं याची त्यांना भारी उत्सुकता.

"काय लिहिलंय?"

'हे कानांनी केलेले नाहीत,' असं लिहिलं होतं.

"खूप आवडले म्हणून लिहिलंय," मी म्हणाले. "आणखी तीन हवेत म्हणे."

"बघ!" मामा म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?" आणि खुशीत हात धुवायला मोरीकडे गेले.